दोनशे पौंड कुठून आले?

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स हा लंडनमधल्या वॉपिंगच्या धक्क्यांवर वाढलेला लेखक. वडील धक्क्यावर व्यवस्थापक, मुलगा पोस्टाच्या बचत बँकेत कारकून. खलाशी, त्यांच्या उधाऱ्या आणि त्यांना धाकात ठेवणाऱ्या बायका यांच्या गमतीदार गोष्टी लिहून त्याचं इतकं बस्तान बसलं की १८९९ साली त्याने नोकरी सोडली. हयातभर लोकांनी त्याला विनोदी लेखक म्हणून वाचलं. आज त्याचं नाव टिकून आहे ते मात्र एका छोट्याशा भयकथेमुळे. ती कथा १९०२ सालची, ‘द मंकीज पॉ’, म्हणजे ‘माकडाचा पंजा’.

पावसाळी रात्र. व्हाइट नावाच्या गृहस्थाच्या घरी बाप-लेकाचा बुद्धिबळाचा डाव चाललाय, आई शेकोटीजवळ विणत बसली आहे. हिंदुस्थानात एकवीस वर्षं काढून आलेला सार्जंट-मेजर मॉरिस पाहुणा म्हणून येतो आणि खिशातून माकडाचा वाळका पंजा काढतो. कुणा म्हाताऱ्या फकिराने त्याच्यावर मंत्र घातलेला आहे. तीन माणसांनी प्रत्येकी तीन इच्छा मागाव्यात, त्या पूर्ण होतील. माणसाचं आयुष्य दैव चालवतं आणि त्यात ढवळाढवळ करणाऱ्याला पस्तावावं लागतं, हे त्या फकिराला दाखवून द्यायचं होतं म्हणे. पंजाच्या पहिल्या धन्याने शेवटची इच्छा म्हणून मरण मागितलं होतं. मॉरिस पंजा विस्तवात फेकतो, व्हाइट तो ओढून बाहेर काढतो आणि दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा हर्बर्ट कारखान्यात यंत्रात सापडून मरतो. कंपनीचा माणूस निरोप घेऊन येतो आणि शेवटी भरपाईचा आकडा सांगतो: दोनशे पौंड.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण शेवटी ‘अति लोभ वाईट’ असं जोडून देतात. मूळ कथा काढून वाचली तर हा आरोप टिकत नाही. पंजा हातात आल्यावर व्हाइट गोंधळतो, कारण आपल्याला हवं ते सगळं आपल्याकडे आहे असं त्याला मनापासून वाटतं. दोनशे पौंडांचा आकडा सुचवतो तो हर्बर्ट, तोही चेष्टेत. घरावरचं कर्ज तेवढ्याने फिटलं असतं. राज्य नाही, राजवाडा नाही, तारुण्य नाही. गृहकर्जाचे उरलेले हप्ते एकदम फेडावेत, एवढंच मागणं. याला लोभ म्हणायचं तर पगारदार माणसांची अख्खी वस्ती लोभी ठरेल.

मग चुकलं कुठे? चूक शोधण्याऐवजी एक साधा हिशेबी प्रश्न विचारला तर कथा उलगडते. पैसे मागितले, ते आले. पण आले कुठून? ब्रिटनमध्ये १८९७ साली कामगार भरपाईचा कायदा झाला होता. मालकाचा दोष सिद्ध झाला नाही तरी कामावर मेलेल्या कामगाराच्या आश्रितांना पैसे मिळावेत, ही त्यातली नवी गोष्ट. रक्कम ठरलेली: मागच्या तीन वर्षांची कमाई किंवा १५० पौंड यांत जी जास्त असेल ती, पण ३०० पौंडांच्या वर नाही. जेकब्सची कथा त्यानंतर पाच वर्षांनी आली आणि तिच्यातला आकडा नेमका या दोन टोकांच्या मधे बसतो. कथेतली कंपनी जबाबदारी झटकते, केवळ हर्बर्टच्या सेवेची कदर म्हणून पैसे देते. कामगाराच्या जिवाला बाजारात जो भाव होता, त्याच भावाने पंजाने इच्छा पुरी केली. जादूने पैसा निर्माण केलाच नाही. या खिशातून काढून त्या खिशात घातला.

इच्छा आणि तिची अवचित फळं यांच्या गोष्टी जगभर शेकडो आहेत. त्या वाचत गेलं की एक बदल डोळ्यांत भरतो. जुन्या गोष्टींत वर कुठूनसा, देवाच्या अक्षय कोठारातून येतो आणि मागणारा स्वतःच्या मूर्खपणाने स्वतःच फसतो. एकोणिसाव्या शतकापासून मात्र किंमत मोजणारा दुसराच कुणी असतो, आणि बहुधा तो मागणाऱ्याच्या काळजाचा तुकडा असतो.

मिडास राजाचंच घ्या. ओविडच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या अकराव्या भागात ही गोष्ट आहे. मद्याच्या देवाचा म्हातारा सोबती सायलीनस मिडासने सुखरूप परत पोचवला, म्हणून देवाने वर दिला आणि राजाने मागितलं की हात लावीन त्याचं सोनं व्हावं. भाकरी सोन्याची झाली, घशाखाली उतरणारा मद्याचा घोट सोन्याचा झाला, राजा उपाशी मरायला टेकला. त्याने क्षमा मागितली, पॅक्टोलस नदीत स्नान केलं आणि सुटला. यात मुलगी कुठेच नाही. मराठी शाळकरी पोरांना माहीत असलेल्या मिडासच्या गोष्टीत बापाने मिठीत घेताच सोन्याची होऊन बसणारी जी चिमुरडी आहे, ती अमेरिकन लेखक नथॅनियल हॉथॉर्नने १८५१ साली मुलांसाठी पुराणकथा नव्याने लिहिताना घातली. तिचं नावही त्याने ठेवलं, मेरीगोल्ड. ओविडच्या राजाची भूक हॉथॉर्नला पुरेशी वाटली नाही. त्याच्या वाचकांना धक्का बसायला लेकीचा जीव लागला. पुढच्या पन्नास वर्षांत ही कथा कोणत्या दिशेने जाणार, याची ही पहिली ठळक खूण.

शार्ल पेरोची १६९३ सालची पद्यकथा त्या मानाने निव्वळ थट्टा आहे. लाकूडतोड्याला ज्युपिटर तीन इच्छा देतो. तो सहज बोलून एक सॉसेज मागून बसतो, बायको तोंड सोडते तेव्हा रागाने ते तिच्या नाकाला चिकटवतो आणि तिसरी इच्छा ते काढण्यात जाते. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या संग्रहातली कोळी आणि त्याची बायको झोपडीपासून सुरुवात करतात. बायको राजा होते, सम्राट होते, पोप होते, शेवटी तिला देव व्हायचं असतं आणि ती पुन्हा झोपडीत येऊन पडते. पुश्किनने १८३३ साली हीच गोष्ट रशियन पद्यात नेली, तिथे झोपडीबरोबर फुटकं घमेलंही परत येतं. या सगळ्या गोष्टींत एक खोड आहे. नवरा भोळा, बायको हावरी. देव दयाळू, मासा उदार, आणि घर बुडतं ते बाईच्या तोंडामुळे. ही मांडणी इतक्या देशांत इतक्या वेळा आली आहे की सांगणाऱ्यांच्या घरी काय चाललं होतं, अशी शंका यावी.

आपल्या पंचतंत्रातही ती आहे, पण तिथे प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. पाचव्या तंत्रातला मंथरक नावाचा कोष्टी. मागाची लाकडं मोडतात म्हणून तो समुद्राकाठी शिसवीचं झाड तोडायला जातो. झाडावर राहणारा व्यंतर म्हणतो, झाड सोड, काय हवं ते माग. कोष्टी सल्ल्यासाठी घरी निघतो. वाटेत मित्र भेटतो, न्हावी. तो म्हणतो, राज्य माग. तू राजा, मी प्रधान. बायकोला विचारू नकोस. कोष्टी तरीही बायकोला विचारतो. ती म्हणते, राज्य म्हणजे अखंड डोकेदुखी, त्यापायी रामाला वनवास घडला, पांडवांची वाताहत झाली. त्यापेक्षा आणखी एक डोकं आणि आणखी दोन हात माग. पुढच्या बाजूला एक कापड विणशील, मागच्या बाजूला दुसरं. एकावर घरखर्च चालेल, दुसऱ्यातून वरचं सगळं भागेल. व्यंतर वर देतो. चार हातांचा, दोन डोक्यांचा कोष्टी गावात शिरतो, लोक त्याला राक्षस समजून काठ्यादगडांनी ठेचून मारतात.

पंचतंत्रकार याचा दोष अर्थातच बाईच्या सल्ल्यावर टाकतो. पण त्या बाईचं बोलणं पुन्हा ऐकावं. तिने आळशीपणा मागितला नाही, दुप्पट काम मागितलं. हिशेब मांडून मागितलं. राज्याच्या धोक्यांचा तिचा अंदाजही चुकलेला नाही. तिच्या गणितात एकच गोष्ट राहून गेली: कोष्टी मागावर बसतो तसा रस्त्यावरूनही चालतो आणि रस्त्यावर इतर लोक असतात. न्हाव्याच्या सल्ल्यात त्याचं स्वतःचं प्रधानपद दडलेलं होतं, हेही विसरू नये. दोन सल्ल्यांपैकी निःस्वार्थी सल्ला जीवघेणा ठरतो. दोन हजार वर्षांच्या आसपास वय असलेल्या कथापरंपरेत इतका बोचरा तपशील सापडतो आणि त्याखाली ठोकळेबाज तात्पर्य लावलेलं असतं, याची गंमत वाटते.

पुराणांतले आणि महाकाव्यांतले वर मात्र निराळ्याच कसबाने लिहिलेले आहेत. तिथे वर हा करारनामा असतो आणि गोष्ट त्याच्या मसुद्यावर चालते. हिरण्यकशिपू एखाद्या मुरलेल्या वकिलासारखी कलमं घालतो: घरात नाही की बाहेर नाही, दिवसा नाही की रात्री नाही, माणसाकडून नाही की पशूकडून नाही, शस्त्राने नाही. नरसिंह संध्याकाळी, उंबऱ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनी सगळी कलमं पाळून त्याला मारतो. रावण देव, दानव, यक्ष यांच्यापासून अभय मागतो आणि माणसाचं नावच घेत नाही, कारण माणूस त्याच्या खिजगणतीत नसतो. रामायणातली उरलेली लढाई त्या एका वगळलेल्या कलमावर उभी आहे. कुंभकर्ण वर मागायच्या क्षणी देव सरस्वतीला त्याच्या जिभेवर बसवतात आणि तो झोप मागून मोकळा होतो. आदिपर्वात द्रौपदीच्या पूर्वजन्माची हकिगत येते. ती उत्तम पती मिळावा म्हणून शंकराला पाच वेळा तेच मागणं मागते, आणि शंकर ते पाच स्वतंत्र अर्ज धरतो.

या परंपरेत देवावर मात करणारी एकच मोठी मागणारीण आहे, ती सावित्री. यम तिला सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग म्हणतो. ती आधी सासऱ्याची दृष्टी मागते, मग त्याचं गेलेलं राज्य, मग आपल्या बापाला शंभर पुत्र आणि चौथ्या वेळी स्वतःला सत्यवानापासून शंभर पुत्र. यम ‘तथास्तु’ म्हणतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की अट त्यानेच मोडली. इथे अवचित परिणाम भोगायची पाळी वर देणाऱ्यावर आली आहे. वडाला सूत गुंडाळताना सात जन्मांचं जे मागणं केलं जातं, त्याचा वनपर्वातल्या या चौकस बाईच्या यादीत पत्ताही नाही. तिने आधी घरातल्या म्हाताऱ्यांचा आणि इस्टेटीचा बंदोबस्त केला होता.

युरोपीय लेखकांनी एकोणिसाव्या शतकात इच्छेची गोष्ट पुन्हा हातात घेतली, तेव्हा जादूची वस्तू कुठून आणायची हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न. परी आणि ज्युपिटर यांच्यावर वाचकाचा विश्वास उरला नव्हता. बऱ्याच जणांनी हिंदुस्थानचा पत्ता दिला. बाल्झाकच्या १८३१ सालच्या कादंबरीत रानगाढवाचं एक कातडं आहे. ते प्रत्येक इच्छा पुरवतं आणि दर वेळी आक्रसतं, त्याबरोबर धन्याचं आयुष्यही. त्याच्यावरचा मजकूर संस्कृतात आहे असं पात्रं म्हणतात. १८३८ च्या आवृत्तीत तो छापला गेला तो चक्क अरबीत. पूर्वेकडचं काहीतरी, एवढंच वाचकाला पुरत असावं. एफ. ॲन्स्टीच्या १८८२ सालच्या ‘व्हाइस व्हर्सा’त बाप-लेकाची शरीरं अदलाबदल करणारा दगड हिंदुस्थानातून आलेला आहे आणि त्याचं नाव गरुड दगड. जेकब्सचा फकीर तर आहेच.

या रांगेत सगळ्यांत मजेदार नमुना एच. जी. वेल्सचा. १९०३ च्या ‘द ट्रुथ अबाउट पायक्राफ्ट’ या कथेत लंडनच्या एका क्लबातला अगडबंब पायक्राफ्ट निवेदकाच्या मागे लागतो. निवेदकाच्या हिंदू पणजीने लिहून ठेवलेले औषधांचे पाठ घरात आहेत, त्यातला वजन कमी करायचा त्याला हवा असतो. औषध गुण देतं. पायक्राफ्टचं वजन जातं, चरबी मात्र जागच्या जागी राहते. हा गोल गरगरीत माणूस फुग्यासारखा छताला जाऊन चिकटतो. त्याला हवं होतं बारीक होणं, पण क्लबातल्या सभ्य भाषेत तो जन्मभर ‘वजन’ म्हणत आला होता. पणजीच्या पाठाने सभ्यता ओळखली नाही. शेवटी शिशाचे पत्रे शिवलेले अंतर्वस्त्र घालून तो पुन्हा हिंडूफिरू लागतो. वेल्स इथे जेकब्सइतकाच हिशेबी आहे. फक्त त्याचा हिशेब भौतिकशास्त्राचा.

त्याचीच १८९८ सालची आणखी एक कथा या बाबतीत वरचढ आहे. फॉदरिंगे नावाचा सामान्य कारकून दारूच्या गुत्त्यात चमत्कार अशक्य आहेत असा वाद घालतो आणि उदाहरणादाखल दिव्याला उलटा हो म्हणतो. दिवा उलटा होऊन जळत राहतो. आपल्यात शक्ती आहे हे कळल्यावर तो आधी बारीकसारीक खोड्या करतो, मग एका पाद्र्याच्या नादाने जगसुधारणेला लागतो. रात्र अपुरी पडते, तेव्हा तो पृथ्वीला थांब म्हणतो. पृथ्वी थांबते. तिच्यावरच्या वस्तूंना मात्र कुणी थांबायला सांगितलेलं नसतं. घरं, झाडं, माणसं, गाव, सगळं मूळच्या वेगाने पुढे फेकलं जातं आणि चुराडा होतो. विषुववृत्तावर हा वेग ताशी हजार मैलांहून जास्त भरतो, हे वेल्स वाचकाला समजावून सांगतो. फॉदरिंगेच्या मनात वाईट काहीच नव्हतं. तो जडत्वाचा नियम विसरला, इतकंच.

पण या सगळ्या काळातली सर्वांत पक्की बांधलेली कथा कोणती, असं विचारलं तर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘द बॉटल इम्प’कडे बोट दाखवावं लागेल. १८९१ साली ती वृत्तपत्रातून आली. कीआवे नावाचा हवाईचा खलाशी सॅन फ्रान्सिस्कोत पन्नास डॉलरला एक बाटली घेतो. आत सैतान आहे, तो मागाल ते देतो. अटी दोन. बाटली जवळ असताना मेलात तर नरक अटळ. आणि ती विकायची तर घेतली त्यापेक्षा कमी किमतीला, रोख नाण्यांत. कीआवे एक सुंदर घर मागतो. काही दिवसांत काका आणि चुलतभाऊ मरतात, जमीन त्याच्याकडे येते आणि पैसाही येतो, बरोबर घर बांधण्यापुरता. म्हणजे ‘कुठून आलं?’ हा प्रश्न जेकब्सच्या अकरा वर्षं आधी स्टीव्हन्सनने विचारून ठेवला होता.

तो बाटली विकून सुटतो, प्रेमात पडतो आणि लग्नाच्या तोंडावर अंगावर महारोगाचा डाग दिसतो. हा डाग लेखकाने हवेतून आणलेला नाही. स्टीव्हन्सन १८८९ च्या मे महिन्यात मोलोकाई बेटावरच्या महारोग्यांच्या वसाहतीत राहून आला होता. तिथे सेवा करणारे फादर डेमियन एप्रिलमध्येच वारले होते. कीआवे बाटलीचा माग काढतो तोवर तिची किंमत दोन सेंटांवर आलेली असते. तो एक सेंटला घेतो, बरा होतो, कोकुआशी लग्न करतो, आणि आता सेंटाहून लहान नाणं नाही म्हणून नरकाची वाट बघत बसतो. इथे त्याची बायको अर्थशास्त्र लढवते. जगात सगळीकडे अमेरिकन नाणी चालत नाहीत. इंग्रजांचा फार्दिंग अर्ध्या सेंटाचा, फ्रेंचांचे सांतीम सेंटाला पाचेक. चला ताहितीला. त्या काळात हिंदुस्थानात रुपयाचे १९२ पै होत. कोकुआने आमच्याकडचं गलबत धरलं असतं तरी काम झालं असतं.

गणिताच्या लोकांना ही कथा वेगळ्याच कारणाने आवडते. सर्वांत लहान नाण्याला बाटली कुणीच शहाणा घेणार नाही, कारण पुढे विकता येणार नाही. मग त्याच्या वरच्या किमतीलाही कुणी घेणार नाही, कारण गिऱ्हाईक मिळणार नाही. असं एकेक पायरी वर चढत गेलं तर ही बाटली कोणत्याच किमतीला विकली जायला नको. तरी पन्नास डॉलरला ती घेताना कुणाला भीती वाटत नाही. पुढे कुणीतरी मूर्ख भेटेलच या भरवशावर माणसं धंदा करतात. कथेत शेवटी तो भेटतोही: एक दारुडा खलाशी. मी एवीतेवी नरकातच जायचा आहे, तर बाटली का सोडू, असं म्हणून तो निघून जातो.

स्टीव्हन्सन तेव्हा सामोआत स्थायिक झाला होता. कथेचं सामोअन भाषांतर मिशनऱ्यांच्या मासिकात क्रमशः छापलं गेलं आणि त्या भाषेत छापलेल्या पहिल्यावहिल्या कल्पित कथांत ते मोडतं. तिथल्या वाचकांना कल्पित कथा ही चीज नवी होती. या गोऱ्या माणसाचं एवढं मोठं घर आलं कुठून, याचा उलगडा त्यांना या कथेत झाला. घरी येणारे पाहुणे त्याला विचारत, ती बाटली कुठे ठेवली आहे?

इच्छा आणि बाप-लेक यांची जोडी बंगालीतही आहे. रवींद्रनाथांची ‘इच्छापूरण’ ही १८९५ सालची मुलांसाठीची कथा ॲन्स्टीच्या कादंबरीनंतर तेरा वर्षांनी आली. शाळा चुकवू पाहणाऱ्या सुशीलला बापासारखं मोठं व्हायचंय. बाप सुबलला वाटतं, पुन्हा लहान झालो तर या वेळी नीट अभ्यास करीन. इच्छादेवी दोघांचं ऐकते. दुसऱ्या दिवशी सुशील म्हातारा होऊन उठतो. झाडावर चढायला जातो, जमत नाही. रुपयाच्या गोळ्या आणवतो, त्या दातांनी खाववत नाहीत. लहान झालेला सुबल अभ्यासाचं नावही काढत नाही. ॲन्स्टीने आपल्या कादंबरीला ‘बापांसाठी धडा’ असं उपशीर्षक दिलं होतं. रवींद्रनाथ धडा देत बसत नाहीत. त्यांना गंमत वाटते ती याची, की दोघांनीही एकमेकांचं वय मागितलं होतं, सवयी आपापल्याच ठेवल्या.

बाप आणि मुलगा म्हटलं की मराठी वाचकाला ययाती आठवणारच. वि. स. खांडेकरांच्या १९५९ सालच्या कादंबरीने ती कथा घराघरात पोचवली आणि १९७४ चं ज्ञानपीठ मिळवलं. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला राजा तारुण्य मागतो. ते मिळतं, पण पुरूचं. आदिपर्वातल्या या कथेचा सांगाडा जेकब्सच्या कथेशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. मागणारा बाप, फेडणारा मुलगा. फरक एवढाच की पुरूला कुणी विचारलं तरी होतं.

खरोखर लोभाची गोष्ट लिहायची तर जादू लागतच नाही, हे टॉलस्टॉयने १८८६ साली दाखवून दिलं. पाखोम नावाच्या शेतकऱ्याला बाश्कीर लोक हजार रूबलला दिवसभरात चालून होईल तेवढी जमीन द्यायला कबूल होतात. सूर्यास्ताच्या आत मात्र निघाल्या जागी परत पोचलं पाहिजे. तो पोचतो आणि तिथेच मरून पडतो. कुणाचा शब्दच्छल नाही, कुणा तिऱ्हाइताचा बळी नाही. लोभी माणसाचं लोभाने वाटोळं झालं. म्हणूनच ती माकडाच्या पंजाहून अगदी वेगळ्या जातीची कथा आहे, दोन्ही एकाच धड्याखाली शिकवल्या जात असल्या तरी.

१९०२ सालीच, जेकब्सची कथा छापून आली त्याच वर्षी, ई. नेस्बिटची ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ स्ट्रँड मासिकातून क्रमशः येत होती. वाळूत सापडलेला एक चिडखोर प्राणी पाच भावंडांना रोज एक इच्छा पुरवतो, सूर्य मावळला की ती विरते. मुलं सुंदर रूप मागतात, तर घरची मोलकरीण ओळखत नाही आणि दार लावून घेते. खड्डाभर सोनं मागतात. नाणी निघतात ती जुनी, दुकानदार ती घेईनात आणि शेवटी प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. पंख मागतात आणि संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यावर अडकून पडतात. नेस्बिटने या प्रकाराला सूर्यास्ताची मुदत घालून मुलांचं साहित्य केलं. मुदत काढून घेतली की उरतो तो जेकब्सचा पंजा.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कथा अशा हातांत गेली, जिथे तिची कुणी अपेक्षा केली नसती. सायबरनेटिक्स या शास्त्राचा जनक, गणिती नॉर्बर्ट वीनर, १९५० साली लिहिलेल्या पुस्तकात आणि नंतर १९६४ च्या ‘गॉड अँड गोलेम’मध्ये यंत्रांबद्दल बोलताना जेकब्सची कथा सांगतो. त्याचं म्हणणं असं की आपोआप चालणारं यंत्र हे त्या पंजासारखं शब्दाला चिकटून राहील. तुम्ही विजय मागितला आणि विजय म्हणजे काय हे नीट सांगितलं नाही, तर ते तुम्हाला विजय देईल, तुमच्या मुलाबाळांचा विचार न करता. शीतयुद्धातल्या अणुयुद्धाच्या आखण्या त्याच्या डोळ्यांपुढे होत्या. गोएटेच्या कवितेतला जादूगाराचा शिकाऊ चेलाही त्याच्या दाखल्यांत येतो.

२०१६ साली ओपनएआय या संस्थेतल्या संशोधकांनी एका संगणकीय प्रणालीला बोटींच्या शर्यतीचा खेळ शिकवला. शर्यत जिंक, असं तिला सांगता येत नव्हतं. गुण वाढव, असं सांगितलं होतं. वाटेतली लक्ष्यं उडवली की खेळात गुण मिळत. बोटीने एक कोपरा शोधला, जिथे तीन लक्ष्यं पुन्हा पुन्हा उगवतात, आणि ती तिथेच गोल फिरत राहिली: पेट घेत, इतर बोटींवर आपटत, उलट्या दिशेने जात. शर्यत तिने पुरी केलीच नाही. माणसांना साधारण मिळतात त्यापेक्षा वीसेक टक्के जास्त गुण मात्र मिळवले.

यावर उपाय म्हणून पुढच्याच वर्षी वेगळी रीत प्रसिद्ध झाली. इच्छा शब्दांत किंवा आकड्यांत मांडायचीच नाही. प्रणालीच्या हालचालींच्या दोन चित्रफिती माणसाला दाखवायच्या, यातली कोणती बरी ते विचारायचं आणि त्याच्या पसंतीवरून तिने काय हवंय ते ओळखायचं. या रीतीने एका आभासी पात्राला उलटी कोलांटी मारायला शिकवण्यासाठी साधारण नऊशे पसंत्या पुरल्या, आणि कोलांटी खरोखर चांगली जमली. दुसऱ्या एका प्रयोगात यंत्राच्या हाताने वस्तू पकडायला शिकायचं होतं. तो हात वस्तू आणि कॅमेरा यांच्या मधे अशा कोनात जाऊन थांबायला शिकला की बघणाऱ्या माणसाला वाटावं, वस्तू पकडली.